बिलिंगचा आठवडा आणि सुटलेली मूठ

माझ्या पॅराग्लायडरच्या विंगची, म्हणजे डोक्यावरच्या कापडी पंखाची, उजवी बाजू मिटली तेव्हा मी जमिनीपासून जेमतेम चाळीस मीटर वर असेन. ट्रेनिंगच्या टेकडीवरची गोष्ट, मागच्या फेब्रुवारीतली. वर बघितलं तर अर्धं कापड चुरगळलेल्या ओढणीसारखं लोंबत होतं, पुढच्या दोन सेकंदांत ते आपलं आपणच फटकन उघडलं, मी झुडपांच्या कडेला उतरले, खरचटलंसुद्धा नाही. पण त्या दिवसापासून माझे हात बिघडले. विंग वळवायच्या आणि मंद करायच्या ब्रेकची हँडल्स मी अशी आवळून धरायला लागले की उतरल्यावर बोटं सरळ व्हायला वेळ लागायचा. टेकऑफ केलं की थेट लँडिंगकडे, मध्ये एकही जास्तीचं वळण नाही, आणि पाय टेकले की जीव भांड्यात. आठ महिने असंच चाललं. तीसेक उड्डाणं झाली असतील आणि त्यातलं एकही मला धड आठवत नाही, आठवतात त्या फक्त माझ्या दुखणाऱ्या मुठी.

म्हणून ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात हिमाचलमधल्या बीर-बिलिंगला जायचं ठरवलं. आम्ही सहा जण आणि आमचे सर. सर वीसेक वर्षं उडतायत, बोलतात कमी, बघतात जास्त. पावसाळ्यात तिथं उड्डाणांना बंदी असते, आणि पाऊस सरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरची हवा त्यातल्या त्यात शांत असते, मार्च ते मे मधले थर्मल, म्हणजे वर चढणारे गरम हवेचे झोत, फार दांडगे. तुम्ही शरदातच या, सर मला म्हणाले होते, आणि त्यांनी ते का म्हटलं ते मला न सांगताच कळलं होतं.

दिवस पहिला

दुपारी बीरला पोचलो. उत्तरेला धौलाधारची भिंत उभी, तिच्या पुढ्यात जंगलाने झाकलेली हिरवी डोंगररांग, आणि त्या रांगेवर कुठेतरी बिलिंग. खालून टेकऑफची जागा शोधायला मला दोन मिनिटं लागली, आणि सापडली तेव्हा पोटात गोळा आला, कारण ती जागा खूपच वर होती.

त्या दिवशी उडायचं नव्हतंच. सरांनी बॅगा टाकायला लावल्या आणि सगळ्यांना लँडिंगच्या मैदानावर घेऊन गेले. तासभर आम्ही नुसते चाललो. वारा दाखवणारा कापडी विंडसॉक कुठे, विजेच्या तारा कुठून जातात, भाताच्या खाचरांचे बांध किती उंच, दुपारी वारा कुठल्या बाजूने येतो, टँडमवाले, म्हणजे प्रवाशाला सोबत घेऊन उडणारे, कुठून आत शिरतात, उंची कमी करायला कुठे थांबायचं. सर म्हणाले, वरून हे मैदान रुमालाएवढं दिसेल, तेव्हा आजच पायाखालून घाला. मला हे फार पटलं. आपल्याकडे नवीन साइटवर गेलं की सगळ्यांचं लक्ष टेकऑफकडे असतं, फोटो तिथले, गप्पा तिथल्या, आणि उतरायचं कुठे हे हवेत गेल्यावर शोधायचं. मी तरी यापुढे लँडिंग चालून बघितल्याशिवाय कुठेही उडणार नाही.

खरी गोष्ट संध्याकाळी झाली. राहायच्या जागेच्या व्हरांड्यात एक जाड तुळई होती, सरांनी माझं हार्नेस तिला टांगलं, मला त्यात बसवलं आणि ब्रेकच्या दोन हँडलना जाड इलॅस्टिकच्या दोऱ्या बांधून त्यांची दुसरी टोकं स्वतःच्या हातात घेतली. म्हणाले, डोळे मिटा. एका लिटरची भरलेली बाटली प्रत्येक हातात लटकतेय एवढं वजन तुम्हाला कायम ठेवायचंय. मी दोरी सैल सोडली तर वजन कमी होईल, हात खाली आणा. मी ओढली तर वाढेल, हात वर जाऊ द्या. बस, एवढंच.

पहिली पाच मिनिटं मला काही कळेना. मी मुठी आवळलेल्या, सर दोरी सोडतायत-ओढतायत आणि माझ्यापर्यंत काही पोचतच नाहीये. मग ते शांतपणे म्हणाले, "ताई, दोरी तुमच्याशी बोलतेय आणि तुम्ही तिचं तोंड दाबून धरलंय." त्यांनी माझी बोटं एकेक करून सोडवली, हँडल फक्त दोन बोटांत राहिलं. आणि खरंच, डाव्या दोरीतला ताण गेलेला मला कळला! हात आपोआप खाली गेला, वजन परत आलं, हात वर. अर्धा तास तेच केलं, अंधार पडेपर्यंत. विंग मिटायच्या आधी त्या बाजूच्या ब्रेकमधलं वजन जातं, पाव सेकंद का होईना, पण आधी जातं. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, आणि हाताला मात्र आज पहिल्यांदा कळत होतं.

दिवस दुसरा

बीरहून बिलिंग रस्त्याने १४ किलोमीटर. जीप वळणं घेत देवदारांतून चढत जाते आणि एकदम मोकळ्या गवताळ उतारावर आणून सोडते. उंची साधारण २४०० मीटर, बीर जवळजवळ हजार मीटर खाली. २०१५ मध्ये पॅराग्लायडिंगचा वर्ल्ड कप इथंच झाला होता, जगातले चांगले चांगले पायलट याच गवतावरून धावत गेले, आणि आता त्याच गवतावर मी माझी विंग पसरत होते. आतापर्यंतचं माझं सगळं उडणं शंभर-दीडशे मीटरच्या टेकडीवरचं. माझी विंग ईएन-ए वर्गातली, म्हणजे सगळ्यात समजूतदार. ग्रुपमधल्या एक-दोघांनी सुचवलं होतं की डोंगरात जातेयस तर आता पुढच्या वर्गातली ईएन-बी घे. सर ठाम नाही म्हणाले आणि आज मला वाटतं की त्या एका "नाही"मुळे माझा आठवडा वाचला. भीती वाटत असताना जास्त चपळ विंग घेण्यात काही अर्थ नाही.

टेकऑफला सरांनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. या उंचीवर हवा समुद्रसपाटीपेक्षा वीसेक टक्क्यांनी विरळ, त्यामुळे तीच विंग उचलायला दहा-बारा टक्के जास्त वेग मागते, तुम्हाला वाटेल आता उडाले, तरी पळत राहा. हेल्मेट, पायाचे पट्टे, छातीचा पट्टा, विंग हार्नेसला जोडणारे कॅराबिनर, रिझर्व्ह पॅराशूटची पिन, रेडिओ, सगळं स्वतः हात लावून बघितलं, मग सरांनी बघितलं.

पहिल्या प्रयत्नाला विंग वाकडी वर आली, डावं टोक मागे. मी ब्रेक खाली ओढून ती पाडली. मागे रांगेत लोक उभे होते, टँडमवाल्यांची घाई होती, आणि आधीची मी असते तर लाजेपोटी तशीच धावले असते. सर फक्त म्हणाले, बरोबर केलंत, पुन्हा मांडा. मांडली. वाऱ्याची पुढची झुळूक येईपर्यंत थांबायचं, विंडसॉक भरला, गवत आपल्या दिशेने वाकलं की मग. दुसऱ्यांदा ती सरळ डोक्यावर आली, मी वर बघितलं, कापडाचे सगळे कप्पे हवेने भरलेले, आणि धावले, धावले, पाय हवेत गेले तरी धावतच होते.

आणि मग एकदम शांत. खाली देवदारांचे शेंडे, पुढे दरी, खूप खाली मठांची सोनेरी छपरं आणि खाचरांचे पिवळे तुकडे, आणि ते रुमालाएवढं मैदान, अगदी सरांनी सांगितलं तसं. टेकडीवर माझं अख्खं उड्डाण दोन-तीन मिनिटांचं असायचं, त्यात घाबरायलाच वेळ पुरायचा. इथं एक मिनिट झालं, दोन झाली, पाच झाली, आणि माझ्याखाली अजून सातशे मीटर हवा शिल्लक. मला पहिल्यांदा कळलं की उंची म्हणजे वेळ. काही बिघडलं तर ते सुधारायला वेळ, विचार करायला वेळ. टेकडीवर मी जमिनीच्या जवळ म्हणून स्वतःला सुरक्षित समजत होते, आणि ते बरोबर उलटं होतं.

रेडिओवर सरांचा आवाज आला, "ताई, उजव्या हाताची बोटं हलवून दाखवा." मी बघितलं तर मूठ पुन्हा आवळलेली. सोडली. दोन बोटं. खाली जाईपर्यंत त्यांनी तीन वेळा तेच विचारलं. अठरा मिनिटांनी मी मैदानाच्या कडेला पोचले, काल जिथे उभं राहून ठरवलं होतं तिथेच आठचे आकडे काढत उंची घालवली, वाऱ्यावर तोंड केलं, पाय टेकायच्या आधी दोन्ही ब्रेक पूर्ण ओढले आणि उभी राहिले. उभी! झुडपात नाही, गुडघ्यावर नाही. विंग मागे हळूच पडली आणि मी बराच वेळ तशीच उभी होते, पाठीवर हार्नेस घेऊन.

दिवस तिसरा

उडणं झालं नाही. सकाळपासूनच धौलाधारवर ढग चढत होते, दहाच्या सुमारास फ्लॉवरच्या गड्ड्यांसारखे वर वर वाढायला लागले, सरांनी एकदा वर बघितलं आणि म्हणाले आज गाडी नाही.

काही पायलट तरीही वर गेले आणि ग्रुपमध्ये थोडी कुरबूर झाली. तेव्हा सरांनी एवा विस्निएर्स्काची गोष्ट सांगितली. ही जर्मन पायलट २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या आधी सराव करत असताना वादळी ढगात ओढली गेली, ९९४६ मीटरपर्यंत, एव्हरेस्टपेक्षा उंच, प्राणवायू नाही, अंगावर बर्फ, बराच वेळ बेशुद्ध, आणि विंग तिला घेऊन आपली आपण उडत राहिली. ती वाचली. त्याच वादळात सापडलेला एक चिनी पायलट वाचला नाही. कसलेली माणसं होती ही, शिकाऊ नव्हेत. ढग वर वाढताना आपल्या पोटातली लिफ्ट, म्हणजे वर उचलणारी हवाही वाढवत जातो, आणि एका मर्यादेपुढे बिग इअर्स म्हणजे विंगची दोन्ही टोकं दुमडूनही तुम्ही खाली येऊ शकत नाही, कारण त्याने सेकंदाला दोन-तीन मीटरचा सिंक म्हणजे खाली येण्याचा वेग मिळतो आणि ढग त्याच्या कितीतरी पट वेगाने वर नेतो.

दुपारी दोन वाजता गडगडाट झाला, गारा पडल्या.

एक गोष्ट इथं लिहून ठेवायला हवी. सर "आज गाडी नाही" म्हणाले तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं असेल तर सुटलो बाबा. अंग हलकं झालं. तो निर्णय योग्यच होता, पण मला झालेला आनंद त्या योग्यपणाचा नव्हता, ती भीतीच होती आणि मला ते त्याच क्षणी कळलं. कोणाला सांगितलं नाही. संध्याकाळी मैदान सुकल्यावर मी एकटीच विंग घेऊन गेले आणि तासभर काइटिंग केलं, विंग डोक्यावर धरून उभं राहायचं, पुढे मागे चालायचं, वर न बघता. वर न बघता हे महत्त्वाचं. फक्त हातातल्या वजनावरून ओळखायचं की ती कुठे झुकतेय. शेवटच्या पंधरा मिनिटांत मी डोळे मिटले होते आणि ती पडली नाही.

दिवस चौथा

धुऊन निघालेली हवा. सकाळी अकराला टेकऑफ, आणि आज सरांनी मला सांगितलं की लँडिंगकडे बघायचंच नाही, डावीकडच्या सोंडेवर जायचं आणि थांबायचं.

थर्मल म्हणजे काय हे सगळ्यांना माहीत असतं, जमीन तापते, तिच्यावरची हवा तापते, हलकी होते, वर जाते. पण ती कुठून सुटते हे डोंगर बघून ओळखावं लागतं. सकाळचं ऊन ज्या बाजूवर पडतं ती बाजू, जिथं जंगल संपून उघडा खडक किंवा गवत सुरू होतं ती कड, आणि सोंडेचा माथा, कारण वर सरकणारी गरम हवा तिथं डोंगर सोडते. मी सोंडेवर पोचले आणि व्हेरिओ, वर चढायला लागलं की वाजणारं यंत्र, तोपर्यंत गप्प होता तो, एकदा पीप म्हणाला. मग पीप पीप. उजवी बाजू कोणीतरी खालून खांदा द्यावा तशी उचलली गेली. गेल्या आठ महिन्यांची माझी सवय अशी की विंगने काही केलं की तिथून पळायचं. रेडिओवर सर म्हणाले, "जिकडे उचललं तिकडेच वळा." मी वजन उजवीकडे टाकलं, उजवा ब्रेक थोडा, आणि वळले. सूर सुटला, पुन्हा सापडला, पुन्हा सुटला. डोंगराच्या जवळ आहात तोपर्यंत पूर्ण चक्कर नाही, आठचा आकडा, प्रत्येक वळण डोंगरापासून बाहेर, हे सरांनी आधीच डोक्यात घातलं होतं. चार-पाच आकडे झाल्यावर मी माथ्याच्या बऱ्याच वर आले आणि सर म्हणाले आता पूर्ण.

पहिली पूर्ण चक्कर. व्हेरिओ दोन मीटर सेकंदाला म्हणत होता, मग अडीच. टेकऑफ खाली राहिलं. ज्या जागेकडे पहिल्या दिवशी मान वर करून बघताना गोळा आला होता, ती जागा माझ्या बुटांच्या खाली, आणि तिच्यावर पसरलेल्या विंगा फुलपाखरांएवढ्या.

तेवढ्यात गिधाड आलं. हिमालयी ग्रिफन, पंखांचा पसारा अडीच मीटरच्याही वर, माझ्याच थर्मलमध्ये, माझ्याच बाजूला वळत, समोरच्या अंगाला. इतकं जवळ की पंखांच्या टोकाची सुटी पिसं बोटांसारखी वेगवेगळी दिसत होती आणि ती सारखी हलत होती, एक जरा वर, एक जरा खाली, प्रत्येक पीस आपापलं. पंख मात्र एकदाही फडकावला नाही. त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं, निवांत, आणि पुन्हा पुढे. मी त्याच्या पिसांकडे बघत होते आणि माझ्या लक्षात आलं की माझीही बोटं तेच करतायत. डावं हलकं झालं, खाली. उजवं जड झालं, वर. मी करत नव्हते, होत होतं. त्या गिधाडाने आपलं वर्तुळ जरा पश्चिमेला सरकवलं, मीही सरकवलं, आणि व्हेरिओचा सूर एकदम चढला.

पन्नास मिनिटं उडाले. खाली आले तेव्हा बोटं सरळ होती. ग्रुपमधले एक काका, निवृत्त बँकवाले, माझ्या आधी उतरले होते, ते धावत आले आणि म्हणाले, "अगं पोरी, तू गिधाडाबरोबर होतीस, आम्ही खालून बघत होतो!" मला काही बोलताच आलं नाही.

दिवस पाचवा

आज मिटली.

चूक माझी होती ते आधीच सांगते. साडेबारा वाजून गेले होते, दरीतला वारा सुरू झाला होता आणि त्याला पश्चिमेची तिरकी चाल होती. मी एका सोंडेच्या पूर्वेकडच्या कुशीत शिरले, कारण सकाळी तिथं छान लिफ्ट मिळाली होती. सकाळी वारा नव्हता. आता ती सोंडेची पाठ होती, वाऱ्याच्या आडोशाची बाजू, जिथं हवा माथ्यावरून घरंगळून गोळे गोळे होऊन पडते. नदीत मोठ्या दगडाच्या मागे पाणी जसं भोवरे घेतं तसंच, फक्त हवा दिसत नाही.

आधी विंग जरा मागे राहिली, मग पुढे झेपावली. डाव्या हातातलं वजन गेलं. पूर्ण गेलं, जणू दोरी तुटली. हात खाली गेला होता, पण पुरला नाही, आणि कापडाचा तो आवाज आला जो मला आठ महिने झोपेत ऐकू यायचा, फडफड आणि मग चटका बसल्यासारखा फाट्. डावा पाऊण भाग आत दुमडला, मी हार्नेसमध्ये डावीकडे कलंडले, डोंगर डावीकडेच होता.

पुढचं सगळं तीन-चार सेकंदांत झालं, पण मला ते तुकड्या-तुकड्यांत आठवतं. मी उजवीकडे झुकले. उजवा ब्रेक घेतला, थोडासाच, वळण थांबेल एवढा, कारण जास्त घेतला तर उरलेली बाजूही उडायची थांबते. डोंगरापासून तोंड बाहेर. दिशा धरली. मग, आणि हा क्रम महत्त्वाचा, दिशा धरल्यानंतर, डावा ब्रेक एकदा लांब खाली ओढला आणि सोडला. कापड उलगडत गेलं, टोक शेवटी सुटलं, विंग भरली. वीस-पंचवीस मीटर उंची गेली असेल. डोळे वर होते, हात काम करत होते आणि या सगळ्यात मी घाबरले नव्हते. घाबरले नंतर, दरीवर बाहेर आल्यावर, जिथे हवा गुळगुळीत होती. तिथे पाय थरथरायला लागले, रडू पण आलं थोडं.

सर बोलले, "बघितलं मी. चांगलं हाताळलंत. बाहेरच राहा, श्वास घ्या, मग काय ते ठरवा."

मग काय ते ठरवा. त्यांनी "खाली या" म्हटलं असतं तर मी आले असते. म्हटलं नाही. मी मैदानाकडे बघितलं, उंची भरपूर होती. हाताकडे बघितलं. दोन बोटं! या सगळ्या गोंधळात मूठ आवळली गेली नव्हती. मी शेजारच्या सोंडेच्या पश्चिम अंगाला गेले, वाऱ्याच्या समोरच्या बाजूला, डोंगरापासून दुप्पट अंतर ठेवून, आणि दहा मिनिटं तिथं उडाले, मोजून दहा. मग उतरले.

संध्याकाळी सरांनी जमिनीवर काडीने ती सोंड काढली आणि मला वारा कुठून येत होता ते काढायला लावलं. मी बाण काढला आणि मीच कुठे चुकले तिथे फुली मारली. ते म्हणाले, फेब्रुवारीत काय झालं होतं ते आता सांगा. मी आठवून आठवून सांगितलं, आणि सांगता सांगताच कळलं की तेव्हाही तेच होतं, टेकडीच्या टोकाला वारा फिरला होता आणि मी तिरक्या वाऱ्यात टोकाच्या मागे गेले होते. आठ महिने मी समजत होते की हवेने माझ्यावर उगाच घाव घातला, कधीही घालू शकते. त्याला कारण होतं, आणि ते कारण जमिनीवर काडीने काढता येण्यासारखं होतं. त्या रात्री मला गाढ झोप लागली.

दिवस सहावा

सगळ्यात लांब उड्डाण. बिलिंगहून धौलाधारच्या पुढच्या रांगेवरून पश्चिमेला धरमशालेपर्यंत लोक जातात, सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटर, आणि परतही येतात. आम्ही तेवढं नाही, तीन सोंडा पुढे आणि परत. सर पुढे, मागे मी, काका आणि आमच्यातली सगळ्यात लहान मुलगी, जी कॉलेजात आहे आणि माझ्याहून कितीतरी छान उडते.

पद्धत साधी. एका सोंडेवर थर्मलमध्ये उंची घ्यायची, मग मधली घळ ओलांडून पुढच्या सोंडेला जायचं, तिथं पुन्हा. घळीवर सिंक असतो, तिथं रेंगाळायचं नाही. प्रत्येक वेळी निघायच्या आधी स्वतःला विचारायचं की पुढे काहीच मिळालं नाही तर उतरायचं कुठे, आणि जागा दिसत नसेल तर निघायचंच नाही. पहिली घळ ओलांडताना दोनशे मीटर गेले आणि पलीकडे लगेच मिळाले. दुसऱ्या सोंडेवर गर्दी होती, सात-आठ विंगा एकाच थर्मलमध्ये. आधीचे ज्या बाजूला वळतायत त्याच बाजूला आपण, बाहेरून हळूच आत शिरायचं, खालच्याला वर दिसत नसतं म्हणून वरच्याने त्याला जपायचं. या गर्दीची मला एकटीने उडण्यापेक्षा जास्त भीती होती. आत शिरले, समोरच्या पायलटशी नजरानजर झाली, त्याने मान हलवली, आणि आम्ही बारा-पंधरा चकरा एकमेकांसमोर राहून वर गेलो, अनोळखी माणूस, एक शब्द नाही.

त्या थर्मलच्या माथ्यावर मी माझ्या आतापर्यंतच्या सगळ्यात जास्त उंचीवर होते, तीन हजार मीटरच्या थोडी वर. खूप थंडी. कोरड्या हवेत हजार मीटर वर गेलं की दहाएक डिग्री कमी होतात, पातळ ग्लव्हज घालून आले होते त्याचा पश्चात्ताप झाला. उत्तरेला रांगेच्या मागून धौलाधारची बर्फाळ शिखरं वर आली. खालून ती भिंतीसारखी दिसतात, इथून कळतं की भिंत नाही, मागे अजून डोंगर, त्याच्या मागे अजून.

तिसऱ्या सोंडेवर पोचून परत फिरलो. परतीला मुलीची उंची कमी पडली, ती बाहेर शेतात नीट उतरली आणि रेडिओवर हसत होती. एक तास पन्नास मिनिटांनी मी बीरला उतरले. काकांनी विंग गुंडाळायला मदत केली. मी त्यांना म्हटलं, काका, मला आज वाटेत एकदाही लँडिंगची आठवण झाली नाही.

दिवस सातवा

शेवटचा दिवस, दुपारी परतायचं होतं म्हणून सकाळी लवकर वर गेलो. विंग पसरली, चेक केले, हेल्मेट घातलं, उभी राहिले. विंडसॉक पडलेला. मग हलला, आणि उलटा हलला, डोंगरावरून दरीकडे, म्हणजे वारा पाठीतून. पाच मिनिटं थांबले. दहा. एकदा समोरून हलकीशी झुळूक आली, मागच्या एकाने ती पकडली, धावला, आणि उताराच्या अगदी कडेला जाऊन कसाबसा उचलला गेला. बघणाऱ्या सगळ्यांचा श्वास अडकला.

मला उडायचं होतं. इतकं उडायचं होतं की घशाशी आलं होतं, पुढचे सहा महिने डोंगर मिळणार नव्हता. सर बाजूला उभे होते, काही बोलत नव्हते, आणि मी त्यांच्याकडे बघितलंही नाही. आणखी वीस मिनिटं विंडसॉककडे बघितलं. मग कॅराबिनर उघडले, विंगचे पट्टे म्हणजे रायझर काढले आणि विंग टोकाकडून गोळा करायला लागले.

जीपमध्ये मागच्या सीटवर बसले, मांडीवर हेल्मेट. पहिल्या वळणावर देवदारांच्या फटीतून टेकऑफ दिसलं, विंडसॉक अजूनही दरीकडेच. दुसऱ्या वळणावरही मी मान वळवून बघितलं. तिसऱ्यावर झाडं आड आली.